गॅरी कोलमनचं पुढे काय झालं?

सह्यवारा :

बालकलाकारांचा विषय निघाला की 'लहानपणी डोक्यावर घेतलं की पुढे माती होते' असं कुणीतरी म्हणतंच, आणि दाखला म्हणून अमेरिकन टीव्हीवर लहानपणी गाजलेल्या गॅरी कोलमनचं नाव पुढे येतं. इथल्याच एका धाग्यावर नुकतंच हे झालं. तिथे लिहिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून वेगळा धागा काढतोय. गॅरीच्या वाट्याला जे आलं त्याला लोक शाप म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. शाप म्हटलं की कुणालाच जाब विचारायला नको.

गॅरीचा जन्म ८ फेब्रुवारी १९६८ चा, इलिनॉय राज्यातल्या झायनचा. शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी हे गाव आहे. कोलमन दांपत्याने त्याला तान्हा असताना दत्तक घेतलं. वडील फोर्कलिफ्ट चालवायचे, आई नर्स. मूत्रपिंडाचा आजार अगदी लहानपणापासूनचा. १९७३ मध्ये, पाच वर्षांचा असताना, पहिलं प्रत्यारोपण झालं. पुढे शिकागोतल्या एका बँकेच्या जाहिरातीत तो दिसला आणि टीव्ही मालिकांचे निर्माते नॉर्मन लिअर यांच्या कंपनीतल्या माणसांची नजर त्याच्यावर गेली. 'लिटल रास्कल्स' नव्याने काढायचा बेत होता, त्याच्या नमुना भागात गॅरीने काम केलं. ती मालिका उभी राहिली नाही, पण पोरगं लक्षात राहिलं. 'गुड टाइम्स' आणि 'द जेफर्सन्स'मध्ये पाहुण्या भूमिका झाल्या, आणि ३ नोव्हेंबर १९७८ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर 'डिफरंट स्ट्रोक्स' ही विनोदी मालिका सुरू झाली.

न्यू यॉर्कमधला एक श्रीमंत विधुर उद्योगपती, फिलिप ड्रमंड. त्याच्याकडे काम करणारी, हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतली बाई वारते आणि तिच्या शब्दाखातर तो तिच्या दोन मुलांना आपल्या घरी आणतो. धाकटा अर्नोल्ड म्हणजे गॅरी, थोरला विलिस म्हणजे टॉड ब्रिजेस. ड्रमंडची मुलगी किंबर्ली झाली होती डॅना प्लेटो आणि ड्रमंड कॉनराड बेन. पहिल्या भागापासून मालिका गॅरीची झाली. भुवया वर करून, गाल फुगवून तो 'व्हॉटचू टॉकिन बाउट, विलिस?' (काय बोलतोयस काय, विलिस?) म्हणायचा आणि स्टुडिओतला प्रेक्षक फुटायचा. पण त्या एका वाक्यावर आठ वर्षं निघत नाहीत. जुने भाग मिळाले तर हशा संपायची वाट बघत तो कसा थांबतो ते पाहा. हशा ओसरायला लागला की नेमक्या क्षणी पुढचा शब्द टाकतो. दहा वर्षांच्या मुलाला ही जाण होती, आणि समोर कॉनराड बेनसारखा रंगभूमीवरून आलेला नट असताना होती.

एकूण आठ हंगाम झाले. शेवटचा हंगाम एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर गेला आणि मार्च १९८६ मध्ये मालिका बंद झाली. भर काळात त्याला एका भागाचे एक लाख डॉलरपर्यंत मिळत होते. जोडीला दूरचित्रवाणीवरचे चित्रपट, आणि १९८२ मध्ये त्याच्याच नावाची कार्टून मालिका. बंद झाली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

१९८९ मध्ये त्याने आई-वडिलांवर आणि आधीच्या व्यवस्थापकावर दावा लावला: माझ्या ट्रस्टमधल्या पैशांचा गैरवापर झाला. १९९३ मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने सुमारे १२ लाख ८० हजार डॉलरचा निकाल दिला. १९९९ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. मधल्या काळात तो सुरक्षारक्षकाची नोकरी करत होता. २८ मे २०१० ला युटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या रुग्णालयात तो गेला. घरात पडून डोक्यात रक्तस्राव झाला होता. वय ४२.

एवढ्यावर लोक थांबतात. मला त्यापुढचं बोलायचं आहे. ज्या मुलाने तीस-पस्तीस मोठ्या माणसांचं घर चालेल एवढं काम केलं, त्याच्या हाती शेवटी एवढंसं का उरलं? इथे डॉक्टर आहेत, हिशेबातले लोक आहेत, मालिकांच्या सेटवर काम करणारेही आहेत. सगळ्यांनी लिहावं अशी विनंती.

न्यूजर्सीकर :

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरी ही मालिका बघितली जायची. बाबा सत्तरच्या दशकात इकडे आले, मी इथेच वाढलो. शाळेत माझ्यासारख्या रंगाची मुलं फारशी नव्हती आणि टीव्हीवर तर नव्हतीच. अर्नोल्ड आमच्यातला नव्हता, पण गोऱ्या घरात, गोऱ्या शाळेत वावरणारा वेगळा मुलगा होता, आणि तो सगळ्यांपेक्षा हुशार होता. आईला इंग्रजी पटकन कळायचं नाही, तरी अर्नोल्ड बोलला की ती हसायची. त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं तिला.

या मालिकेवर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त आहे. काळ्या मुलांना वाचवायला श्रीमंत गोरा माणूस लागतो, ही मांडणी आज बघताना टोचते. पण १९८३ मध्ये याच मालिकेने सायकलच्या दुकानदाराने मुलांना जाळ्यात ओढण्याचा प्रयत्न केल्याचे दोन भाग दाखवले. लहान मुलांचं लैंगिक शोषण हा विषय तेव्हा जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नव्हतं. आमच्या घरी त्या रात्री टीव्ही बंद करून आईने आम्हा भावंडांना जवळ बसवून समजावलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन अमली पदार्थांविरुद्ध बोलायला एका भागात स्वतः आल्या. देशाच्या मुलांना काही सांगायचं तर अर्नोल्डच्या शेजारी बसून सांगावं, हे व्हाइट हाउसलाही कळलं होतं.

मुळव्याध_नाही_मूत्रपिंड :

मी नेफ्रॉलॉजी म्हणजे मूत्रपिंडविकार विभागात काम करतो. आजाराची बाजू सांगतो, कारण गॅरीच्या कारकिर्दीत तीच सर्वात कमी समजून घेतली गेली आहे.

त्याला फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस हा आजार होता. मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म पुंजके असतात; त्यातले काही, आणि प्रत्येकातला काही भाग, कडक होत जातो. लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, हळूहळू मूत्रपिंड निकामी होतं. उपचारात स्टेरॉइड द्यावी लागतात. प्रत्यारोपण झाल्यावर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनही त्या काळी स्टेरॉइडचाच मोठा आधार होता. वाढत्या वयात दीर्घकाळ स्टेरॉइड घेतली की उंची खुंटते, चेहरा गोल होतो, गाल भरतात. मूत्रपिंडाच्या आजाराने मुळातच वाढ मंदावते, त्यात ही भर.

आता हे सगळं अर्नोल्डच्या चेहऱ्यावर ठेवून बघा. ज्या गुबऱ्या गालांवर सगळा देश लुब्ध होता, ते गाल आजाराचे आणि औषधांचे होते. त्याची उंची ४ फूट ८ इंचांवर थांबली. १९८४ मध्ये दुसरं प्रत्यारोपण झालं, तेही टिकलं नाही. म्हणजे मालिका चालू असतानाच त्याच्यावर मोठ्या शस्त्रक्रिया आणि डायलिसिस चालू होतं. पोटात नळी घालून जे डायलिसिस करतात त्यात दिवसातून चारेक वेळा द्रव आत सोडायचा आणि काढायचा असतो. प्रत्येक वेळी स्वच्छता पाळावी लागते, नाहीतर पोटात संसर्ग होतो. आमच्याकडची मोठी माणसंही यामुळे नोकरी सोडतात. हा मुलगा ते सांभाळून कॅमेऱ्यासमोर उभा राहून लोकांना हसवत होता.

त्याला 'चिडका' म्हणणाऱ्यांनी एकदा डायलिसिसच्या वॉर्डात तासभर बसून यावं. ही विनंती आहे, टोमणा नाही.

सह्यवारा :

डॉक्टर, याच माहितीसाठी धागा काढला होता. ज्या शरीरामुळे त्याला काम मिळालं त्याच शरीरामुळे ते बंद झालं, असं मला यातून दिसतं. पंधरा-सोळाव्या वर्षी आवाज फुटू लागला, समज मोठ्याची आली, आणि संवाद मात्र अकरा-बारा वर्षांच्या अर्नोल्डचेच. अठराव्या वर्षी त्याला मोठ्याची भूमिका द्यायला कुणी तयार नव्हतं आणि लहानाची करायची त्याची इच्छा नव्हती. पुढे कित्येक कार्यक्रमांत त्याला बोलावलं ते विलिसचं वाक्य म्हणवून घ्यायलाच. त्या वाक्याचा त्याला वीट आला होता, हे त्याने लपवलं नाही.

पडद्यामागे :

मी मालिकांच्या सेटवर दिग्दर्शन विभागात आहे. सह्यवारा म्हणतात ते अगदी खरं आहे, आणि आपल्याकडे त्याचं उलटं रूप दिसतं.

अमेरिकन सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, आठवड्याला एक भाग. सुरुवातीला सगळे मिळून वाचन, मग तालमी, मग कॅमेऱ्याच्या जागा बसवणं, आणि शेवटी प्रेक्षकांसमोर चित्रण. त्यामुळे मुलाला पाठांतराला आणि तालमीला वेळ मिळतो. शिवाय कॅलिफोर्नियात सेटवर शिक्षक ठेवावा लागतो. शाळेच्या दिवसांत मुलाचा रोज तीन तास अभ्यास झालाच पाहिजे, आणि मुलाच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं हेही त्या शिक्षकाचं काम असतं.

आपल्याकडे रोजची मालिका. आठवड्याला सहा भाग जायचे, हातात तयार भागांची बँक नसेल तर आज सकाळी आलेला सीन संध्याकाळपर्यंत एडिटला. मुलं सेटवर आल्यावर संवाद मिळतात. आणि मग येतो लीप. कथा दहा वर्षं पुढे उडी मारते आणि लहान मुलाची भूमिका मोठ्या नटाकडे जाते. 'बालिका वधू' २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा आनंदी म्हणजे अविका गौर. २०१० मध्ये लीप आला आणि आनंदी प्रत्युषा बॅनर्जी झाली. देशभर चेहरा ओळखीचा झालेल्या मुलीचं त्या मालिकेतलं काम तिथे संपलं. पुढच्याच वर्षी 'ससुराल सिमर का'मध्ये तीच अविका लग्न झालेल्या रोलीच्या भूमिकेत होती, वयाच्या चौदाव्या वर्षी. नंतर ती तेलुगू चित्रपटांत गेली, आजही काम करतेय, आणि याचं मला फार कौतुक वाटतं. पण बघा: गॅरीला अठराव्या वर्षापर्यंत लहान ठेवलं, हिला चौदाव्या वर्षी मोठी केली. वय कुणाचं, हे दोन्हीकडे दुसऱ्यांनीच ठरवलं.

सेटवर आम्ही सगळे त्या मुलांवर जीव लावतो, खाऊ आणतो. तरी शेवटचा सीन राहिला असेल आणि बाळ पेंगत असेल, तर 'एकच टेक बेटा' म्हणणारेही आम्हीच असतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायला हवं.

रोखठोक_कोल्हापूर :

धागा चांगला आहे, पण मला एक बाजू मांडू द्या. पालकांनी पैसे खाल्ले, मान्य. आजार होता, मान्य. पण १९९८ मध्ये ऑटोग्राफ मागणाऱ्या बाईला त्याने ठोसा मारला, त्यावर खटला झाला. निकालात मिळालेले बारा लाख डॉलरही सहा वर्षांत गेले. मोठेपणीची जबाबदारी त्याची स्वतःचीच ना? सगळं मोठ्यांवर ढकलून चालणार नाही.

सह्यवारा :

रोखठोक, प्रश्न योग्य आहे. त्या प्रसंगाची पार्श्वभूमी अशी. सुरक्षारक्षकाच्या कामासाठी बुलेटप्रूफ जाकीट घ्यायला तो दुकानात गेला होता. तिथे बाईशी सह्यांवरून वाद झाला आणि त्याने हात उचलला. ते चुकीचंच होतं. त्याने कोर्टात आरोप लढवला नाही, दंड भरला, राग आवरण्याचे वर्गही केले. दिवाळखोरीच्या वेळीही दोष वाटताना त्याने स्वतःचं नाव यादीत ठेवलं होतं. स्वतः, हिशेबनीस, आई-वडील, एजंट, वकील आणि पुन्हा स्वतः, अशा अर्थाचं तो बोलला होता. जबाबदारी टाळणारा माणूस असं बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच की त्याच्या चुका मोजायच्या तर एका मोठ्या माणसाच्या चुका म्हणून मोजाव्यात. दहाव्या वर्षी सही करता येत नसलेल्या करारांचं ओझं त्यात धरू नये. आणि सुरक्षारक्षकाची नोकरी करणं हा अपमान कसा? पैसे संपले तेव्हा तो काम करायला गेला. लहानपणी डोक्यावर घेतलेल्या माणसाला गणवेशात उभं राहणं किती जड गेलं असेल, त्यात रोज कुणीतरी येऊन विलिसचं वाक्य म्हणून दाखवणार. आमच्या ओळखीतले कितीतरी लोक यापेक्षा कमी कारणाने घरी बसले आहेत.

२००३ ची गव्हर्नरपदाची निवडणूकही अशीच. कॅलिफोर्नियात एका साप्ताहिकाने पैसे भरून त्याला उभं केलं, मूळ हेतू व्यंगाचा होता. १३५ उमेदवारांत तो आठवा आला, १४,२४२ मतं पडली. आर्नोल्ड श्वार्झनेगर निवडून आले. लोक अजून हसतात. पण शर्यतीत असेतो तो मुलाखतींतून प्रश्नांची उत्तरं देत राहिला.

हिशेबनीस :

पैशाचा मुद्दा मी घेतो. तीस वर्षं हिशेब तपासतोय, आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

'एका भागाला एक लाख' ऐकून लोकांना वाटतं तेवढे सगळे मुलाच्या खात्यात. तसं नसतं. एजंटचे साधारण १० टक्के, व्यवस्थापकाचे १५ च्या आसपास, वकील आणि हिशेबनीस वेगळे. मग कर. अमेरिकेत १९८१ पर्यंत सर्वात वरच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर ७० टक्के होता, १९८२ पासून तो ५० टक्के झाला. त्यावर राज्याचा कर. गॅरीच्या सर्वात मोठ्या कमाईची वर्षं नेमकी हीच. आणि या सगळ्यातून उरलेल्यावर आई-वडील.

यासाठी कायदा नव्हता का? होता, आणि तोच मुख्य मुद्दा आहे. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड'मधला मुलगा आठवतो का? तो जॅकी कूगन. लहानपणी त्याने लाखो डॉलर कमावले. १९३५ मध्ये वडील मोटार अपघातात गेले. सज्ञान झाल्यावर पैसे मागितले तर आई आणि सावत्र वडील म्हणाले, मुलाची कमाई आई-बापाची. तेव्हाच्या कायद्याने ते बरोबरही होतं. १९३८ मध्ये कूगनने दावा लावला, आणि हाती आले सव्वा लाख डॉलरच्या आसपास. लोक इतके चिडले की १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा कायदा केला. त्याला कूगनचंच नाव पडलं.

पण कायद्याला भोक होतं. करार कोर्टातून मंजूर करून घेतला तरच कोर्ट पैशाचा काही भाग बाजूला ठेवायला सांगू शकत होतं. कोर्टात न गेलेल्या कराराला काहीच लागू नाही. आणि मुलाची कमाई पालकांची, हे मूळ तत्त्व तसंच राहिलं. ६० वर्षं! १ जानेवारी २००० पासून सुधारणा लागू झाली: कमाई मुलाची, आणि निदान १५ टक्के रक्कम बंद खात्यात गेलीच पाहिजे, सज्ञान होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. गॅरीने दिवाळखोरी जाहीर केली ऑगस्ट १९९९ मध्ये.

ही सुधारणा आपोआप नाही झाली. 'द डॉना रीड शो'मध्ये लहानपणी काम केलेल्या पॉल पीटरसन यांनी १९९० मध्ये 'अ मायनर कन्सिडरेशन' ही संस्था काढली. लहानपणी टीव्हीवर गाजलेल्या रस्टी हेमर याने त्या वर्षी आत्महत्या केली, तेव्हा पीटरसन यांना राहवलं नाही. माजी बालकलाकारांनीच माजी बालकलाकारांना फोन करायचे, अडल्यानडल्याला धावायचं आणि कायद्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवायचे, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. 'शाप' म्हणून बसला असता तर आजची मुलं तशीच उघड्यावर असती.

कूगनबद्दल राहिलं: १९६४ ते ६६ मध्ये 'द अ‍ॅडम्स फॅमिली'त टक्कल केलेला अंकल फेस्टर तोच.

जाईजुई :

हिशेबनीसकाका, अंकल फेस्टर म्हणजे 'द किड'मधला मुलगा? कित्येकदा बघितलंय, कधी लक्षात आलं नाही.

सगळ्यांचंच असं होत नाही, हे सांगायला रॉन हॉवर्डचं नाव घ्यावंसं वाटतं. १९६० मध्ये सहा वर्षांचा असताना 'द अँडी ग्रिफिथ शो'त ओपी, मग 'हॅपी डेज', १९७७ मध्ये पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, पुढे १९९५ चा 'अपोलो १३' केला, आणि नंतर 'अ ब्यूटिफुल माइंड'साठी ऑस्कर मिळालं. वडील स्वतः नट होते आणि सेटवर मुलाबरोबर असायचे. घर साधं ठेवलं, मुलाच्या पैशावर बंगला नाही बांधला. त्याला कॅमेऱ्यामागे जायची लहानपणापासून ओढ होती आणि घरच्यांनी ती जपली. गॅरीला असं काही आवडतं का, हे कुणी विचारलं असेल का?

सह्यवारा :

जाईजुई, त्याला रेल्वे आवडायची. छोट्या प्रतिकृतींच्या गाड्या, रूळ, सिग्नल. मोठेपणी अशा वस्तू विकणाऱ्या दुकानांत त्याने अर्धवेळ कामही केलं. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सर्वात आवडतं. स्वतःच्या हौसेचं काम, कुणी हसायला सांगत नाही.

टॉड ब्रिजेस आणि डॅना प्लेटो यांच्याबद्दलही लिहायला हवं. डॅना मे १९९९ मध्ये, ३४ व्या वर्षी, औषधांच्या अतिसेवनाने गेली. टॉड व्यसनात खोल गेला होता, तुरुंगही बघितला, आणि त्यातून बाहेर आला. २०१० मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल उघड बोलला. सायकलवाल्याचा भाग आठवतो का, न्यूजर्सीकर? त्याच मालिकेतला एक मुलगा घरी काय घेऊन जगत होता ते कुणाला माहीत नव्हतं.

आर्याची_आई :

पहिल्यांदाच लिहितेय. सगळा धागा वाचला आणि रात्री झोप लागली नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, एका मराठी मालिकेत काम करते. ठाण्याला घोडबंदर रोडच्या पुढे सेट आहे. तिला मनापासून आवडतं, सेटवरच्या ताई-दादांनी तिला खूप जीव लावलाय, हे आधी सांगते.

पण तास ठरलेले नाहीत. सकाळी नऊचा कॉल असतो, सीन लागतो संध्याकाळी. मधला वेळ मेकअप रूममध्ये पुस्तक धरून बसायचं. शाळेने सांभाळून घेतलंय, पण तिमाहीचे पेपर तिने सेटवरून थेट जाऊन दिले. पैसे माझ्या खात्यावर येतात, तेही उशिरा. मुदत ठेव वगैरे कुणी बोललेलं नाही. मी विचारलं तर 'ताई, सगळीकडे असंच असतं' म्हणाले. खरंच असंच असतं का? विचारलं तर तिला काढून टाकतील ही भीती आहे.

हिशेबनीस :

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. सगळीकडे कसंही असो, कायदा काय म्हणतो ते सांगतो.

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. मुलांना कामाला लावायला बंदी, पण कलाकार म्हणून काम करायला मुभा, काही अटींवर. त्या अटी २०१७ च्या केंद्राच्या नियमांत आहेत. मुलाने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांच्या वर काम नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची, परवानगी घ्यायची, आणि सेटवर दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमायची. शाळा बुडू नये याची जबाबदारीही त्याचीच. परवानगीसाठी निर्माता हमीपत्र भरून देतो. ते सहा महिने चालतं.

आता पैसे. मुलाच्या कमाईतली निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायची आणि ती सज्ञान झाल्यावर मुलाला मिळायची. अमेरिकेचे १५, आपले २०. कागदावर आपण पुढे आहोत.

तुम्ही भांडू नका. करार नव्याने होईल तेव्हा हमीपत्राची प्रत लेखी मागा आणि ठेवीची पावती मागा. शब्द साधे ठेवा: 'नियमाप्रमाणे हवी आहे.' तोवर तुमच्या खात्यावर येणाऱ्या पैशांतून आर्याच्या नावाचं अज्ञान (अल्पवयीन) खातं उघडा आणि २० टक्के आजपासूनच तिकडे वळवा. अज्ञान मुलाला स्वतःच्या कौशल्यातून मिळालेलं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, ते मुलाचं स्वतःचं धरतात. त्यामुळे तिचं पॅन कार्ड काढा आणि तिचं विवरणपत्र वेगळं भरा.

पडद्यामागे :

ताई, हिशेबनीस सांगतात ते बरोबर आहे. सेटवरचं मी सांगतो. आदल्या रात्री कॉल शीट, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक, येते तेव्हा प्रॉडक्शनला नाही, सहायक दिग्दर्शकाला विचारा: 'हिचे सीन किती, कुठल्या वेळेला?' शेड्यूल लावणारा तोच असतो. मुलांचे सीन एकत्र करून दुपारपर्यंत संपवणं शक्य असतं. मी केलंय, चॅनलकडून कधी तक्रार आली नाही. कुणी मागत नाही म्हणून होत नाही. काढून टाकण्याची भीती खरी आहे, ती नाकारत नाही. पण सुरू असलेल्या ट्रॅकमधला ओळखीचा चेहरा बदलणं चॅनललाही नको असतं, हेही लक्षात ठेवा.

न्यूजर्सीकर :

एक ताजी भर. घरोघरी मुलांचे व्हिडिओ काढून कमावणाऱ्या पालकांसाठी अमेरिकेत पहिला कायदा केला तो इलिनॉय राज्याने. १ जुलै २०२४ पासून लागू. मूल व्हिडिओत ठरावीक प्रमाणाच्या वर दिसत असेल तर कमाईचा हिस्सा त्याच्या नावाने ट्रस्टमध्ये ठेवायचा. नाही ठेवला तर मोठेपणी मूल दावा लावू शकतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियानेही कूगनच्या कायद्यात अशा मुलांना घेतलं. गॅरी इलिनॉयचा, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

आर्याची_आई :

सगळ्यांचे खूप आभार. आज बँकेत जाऊन खात्याचा अर्ज आणला. करार पुढच्या महिन्यात नवा होतोय. हिशेबनीसकाका, ठेवीच्या पावतीबद्दल जे पत्र द्यायचं त्याचा मसुदा इथेच टाकाल का? माझ्या मुलीबरोबर काम करणाऱ्या आणखी दोन मुलांच्या आयांनाही तो हवा आहे.

हिशेबनीस :

टाकतो ताई, उद्या सकाळपर्यंत. तिघींनी मिळून एकाच पत्रावर सह्या केल्यात तर जास्त चांगलं. मुलांची पूर्ण नावं आणि मालिकेचं नाव मात्र इथे लिहू नका.